पूर आला की ग्रुपवर मगर येतेच! असे फोटो खरे की खोटे, तुम्ही कसं ओळखता?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहूनच टाकते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर आला तेव्हा माझी आत्या गावभागात एकटीच होती. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, खालचा मजला पाण्यात, आत्या माडीवर. सकाळी बोट दारात आली तर ही उतरायलाच तयार नाही. का, तर आदल्या रात्री भिशीच्या ग्रुपवर एक फोटो आलेला, जिन्याच्या पायऱ्यांवर भलीमोठी मगर आणि खाली 'गावभागातली आत्ताची परिस्थिती, सर्वांनी काळजी घ्या'. बोटीवरची पोरं हात जोडत होती आणि ही म्हणे पाण्यात मगरी हिंडतायत, मी हितंच बरी. शेवटी ती बोट शेजारच्यांना घेऊन गेली. दुसरी यायला संध्याकाळ झाली, तोवर हिच्या बीपीच्या गोळ्या संपलेल्या, प्यायचं पाणी एक तांब्या उरलेलं. मी पुण्यात, फोन लागत नव्हता, तो दिवस मी कसा काढला मलाच माहिती.

नंतर तो फोटो शोधला तर दोन वर्षं आधीपासूनच नेटवर होता, कुठल्यातरी परदेशातला. नीट बघितलं असतं तर जिनासुद्धा आपल्याकडचा वाटत नव्हता.

पण घोळ असा आहे की कृष्णेत मगरी आहेतच. भिलवडी, औदुंबर, डिग्रज ह्या पट्ट्यात लोकांनी डोळ्यांनी बघितल्यात. त्यामुळं 'मगर? छे, खोटं असणार' असंही म्हणून चालत नाही. आणि ह्या पावसाळ्यात तोच फोटो परत आला, ह्या खेपेला खाली चिपळूण लिहिलेलं.

तर विचारायचं असं की आत्यासारख्या बाईला पाच मिनिटांत, घाबरलेल्या अवस्थेतसुद्धा जमेल असं काही आहे का? तुम्ही कसं ओळखता?

रानवाटा
गूगल लेन्स. फोटोवर शोध मारायचा आणि आधी कधी, कुठं दिसलाय ते बघायचं. आजच्या पुराचा म्हणून आलेला फोटो तीन वर्षांपूर्वीच्या पानावर सापडला की विषय संपला. टिनआय म्हणून एक साइट आहे, तिथं तर जुन्यात जुना आधी असं लावून बघता येतं.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. लोक फोटो उलटा करतात (आरशात दिसतो तसा) म्हणजे शोधात सापडत नाही, अशा वेळी आपण परत उलटा करून शोधायचा, नाहीतर नुसता प्राणी तेवढा कापून शोधायचा. आणि काहीच सापडलं नाही म्हणजे फोटो खरा असं अजिबात नाही, नवीन बनवलेला असला तर सापडणार कुठून?

साधा_वाचक
आत्या आता बऱ्या आहेत ना? ते आधी सांगा.

कृष्णाकाठची
हो हो, ठणठणीत. भिशी पण चालू आहे.

ह्यूस्टनकर
ह्या विषयावर मी तासभर बोलू शकतो. २०१७ च्या हार्वी वादळात आम्ही ह्यूस्टनला होतो, चार दिवस घरात अडकलेलो. पहिल्याच दिवशी मराठी मंडळाच्या ग्रुपवर फोटो, पाण्याखाली गेलेल्या हायवेवर गाडीच्या खिडकीला लागून शार्क पोहतोय. बायको म्हणाली मुलांना अंगणातल्या पाण्यात सोडू नकोस (सोडणार नव्हतोच, गटाराचं पाणी ते).

त्या शार्कची जन्मकुंडली अशी आहे. मूळ फोटो दक्षिण आफ्रिकेतला, २००३ मधला, थॉमस पेश्चाक ह्या छायाचित्रकारानं काढलेला. कयाकमध्ये (वल्ह्यांची छोटी निमुळती होडी) बसलेला माणूस आणि त्याच्या मागं पाण्याखालून येणारा ग्रेट व्हाइट शार्क. तो मूळ फोटो शंभर टक्के खरा. कुणीतरी त्यातला शार्क उचलला आणि २०११ च्या आयरीन वादळात प्वेर्तो रिकोच्या रस्त्यावर नेऊन चिकटवला. मग २०१२ ला सँडी, २०१७ ला हार्वी, नंतरही येतोच आहे. शहर बदलतं, शार्क तोच, तशीच मान, तसाच पर. एकदा मूळ फोटो शेजारी ठेवून बघितला की आयुष्यभर विसरत नाही माणूस. म्हणून मी म्हणतो हे नेहमीचे आठ-दहा फोटो लोकांना पाठ करून द्या, निम्मा त्रास तिथंच संपेल.

निशिगंध
@ह्यूस्टनकर, पाठ करून देण्यात एक धोका आहे. २०२२ मध्ये इयन वादळात फ्लोरिडाच्या फोर्ट मायर्समधून एक व्हिडिओ आला, घरांच्या मागच्या पुराच्या पाण्यात पर वर काढून काहीतरी मोठं तडफडतंय. सगळे लगेच 'झालं, आला तो शार्क परत' म्हणून मोकळे. नंतर एपी वृत्तसंस्थेनं मूळ व्हिडिओची वेळ आणि जागा तपासली तर व्हिडिओ खरा निघाला! जाणकारांचं मत पडलं की लहान वयाचा शार्क असू शकतो. म्हणजे दहा वर्षं खोटा फोटो बघून बघून लोकांनी खऱ्यालाच खोटं ठरवलं.

मला ह्याचीच जास्त भीती वाटते. सांगलीत उद्या खरंच गल्लीत मगर आली आणि लोक म्हणाले जुना फोटो आहे, तर?

जुना_वनपाल
निशिगंध ह्यांचा मुद्दा अगदी बरोबर. नोकरीत असताना दोन्ही प्रकार भोगलेत म्हणून सविस्तर लिहितो.

एका पावसाळ्यात बिबट्याचा फोटो आला, पुरामुळं म्हणे अमुक गावच्या शाळेच्या पडवीत येऊन बसलाय. आम्ही पिंजरा, जाळी, दोऱ्या, सहा माणसं घेऊन चिखलातून दीड तास गेलो. शाळेत काहीही नाही. फोटो नीट पाहिला तर तो बिबट्याच नव्हता, जॅग्वार होता! दक्षिण अमेरिकेतलं जनावर. ओळखायची खूण सोपी आहे. जॅग्वारच्या अंगावरच्या गोल फुलांच्या आत आणखी बारीक ठिपके असतात, आपल्या बिबट्याच्या फुलात ते नसतात, शिवाय जॅग्वारचं डोकं जड, चेहरा रुंद. आणि त्याच वेळी वीस किलोमीटरवर एका विहिरीत खरा रानगवा पडलेला होता, तिथं आम्ही उशिरा पोचलो. तो वाचला नाही. आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

म्हणून माझं सांगणं, फोटो खरा का खोटा बघायच्या आधी जनावर कुठलं ते बघा. मगरीचंच घ्या. आपल्या नद्यांतली मगर म्हणजे मगर, इंग्रजीतही तिला मगरच म्हणतात. तोंड रुंद, आखूड. अमेरिकेतल्या ॲलिगेटरचे फोटो इकडं सर्रास फिरतात. तोंड मिटलेलं असताना ॲलिगेटरचा खालचा चौथा दात दिसत नाही, वरच्या जबड्यात झाकला जातो. मगरीचा तो दात बाहेर दिसतो. लांब चिंचोळ्या तोंडाची सुसर असेल तर ती कृष्णेतली नाही. खाऱ्या पाण्यातली अजस्र मगर ओडिशा, सुंदरबन, अंदमानकडची, ती सांगलीत कशाला येईल? हत्तीचे कान सुपाएवढे, खांद्यावर आलेले असतील तर तो आफ्रिकेतला, केरळच्या पुरातला नव्हे.

आणि खरंच जनावर दिसलं तर ग्रुपवर टाकायच्या आधी वन विभागाच्या १९२६ वर फोन करा. आधी फोन, मग फोटो.

रानवाटा
दाताची खूण आजच कळली. धन्यवाद काका.

मीठभाकरी
पण काका, घाबरलेली आत्या मगरीचे दात कुठं मोजत बसणार 🙂

ब्रह्मपुत्रेचा_शेजारी
नोकरीनिमित्त गुवाहाटीला आहे म्हणून लिहितो. 'हे कसं शक्य आहे' ही कसोटी पुरात मुळीच चालत नाही. २०१९ च्या जुलैत काझीरंगा पाण्याखाली होतं तेव्हा एक फोटो आला, घरातल्या पलंगावर वाघीण आडवी पसरून झोपलेली. माझ्या पुण्याच्या मित्रांनी मला वेड्यात काढलं. तो फोटो खरा होता! अभयारण्यातून पाण्यामुळं बाहेर पडलेली थकलेली वाघीण हायवेलगतच्या एका घरात शिरली आणि दिवसभर झोपली. वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाच्या लोकांनी तिथं थांबून तिला कुणी छेडणार नाही ह्याची काळजी घेतली, संध्याकाळी रस्ता मोकळा केला आणि ती शांतपणे जंगलाकडं गेली. तो फोटो बघून मला दर वेळी भरून येतं, एवढं बलाढ्य जनावर आणि किती दमलं असेल.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तुमच्या शेजारीच, बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यात पुराच्या पाण्यातून घराच्या छपरावर चढून बसलेली मगर, तोही व्हिडिओ खरा.

उलट दिसायला अगदी साधा, विश्वास बसेल असा फोटो खोटा असतो. आसामच्या पुरात दर वर्षी फिरतो तो, छातीपर्यंत पाण्यातून एका हातावर हरणाचं पाडस उचलून नेणारा मुलगा. 'आसामचा बाहुबली' म्हणून. फोटो खरा, मुलगा खरा, पाडस खरं, पण तो बांगलादेशातल्या नोआखालीचा, २०१४ मध्ये छापून आलेला.

चिपळूणची_लेक
आमचंही सांगते. २०२४ च्या पावसात रात्री चिपळूणच्या रस्त्यावरून मगर चालत गेली तो व्हिडिओ खरा. वाशिष्ठीत मगरी आहेत हे आम्हाला लहानपणापासून माहीत, आजी नदीवर एकटं जाऊ द्यायची नाही. पण २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर जे फोटो आले त्यातले निम्मे आमचे नव्हतेच. ओळखलं कसं, तर पाट्या! मागं दुकानाची पाटी असली तर लिपी बघा, गाडीची नंबरप्लेट बघा, गाड्या रस्त्याच्या कुठल्या बाजूनं चालल्यात बघा, विजेचे खांब बघा. आपल्या गावचा खांब आपण ओळखतो.

ओंजळ
मला जरा वेगळं वाटतं, रागावू नका. त्या पाडसवाल्या मुलाचा फोटो आसामचा नसेल, पण तो बघून कुणी आसामला मदत पाठवली असेल तर बिघडलं कुठं? कोआलाला पाणी पाजणारा फायर ब्रिगेडवाला बघून मी स्वतः २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाला पैसे पाठवले होते.

निशिगंध
@ओंजळ, रागवायचं काही नाही, तुमची मदत चांगलीच होती. पण तो कोआलाचा प्रसंग २००९ चा, व्हिक्टोरिया राज्यातला. सॅम नावाची ती मादी, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेलीसुद्धा. २०१९-२० च्या वणव्यांत तो परत फिरला. आणि मास्क लावलेली मुलगी कोआलाला कवटाळून उभी आहे तो तर फोटोच नव्हता, चित्र होतं, चित्रकारानं कधी फोटो म्हटलंच नव्हतं त्याला.

बिघडतं ते असं. त्याच वणव्यात ३१ डिसेंबर २०१९ ला लेक कोंजोला इथं मॅथ्यू ॲबटनं काढलेला खरा फोटो आहे, जळत्या घरासमोरून एक कांगारू उडी मारत पळतोय. माणूस जीव धोक्यात घालून तिथं उभा होता. आपण जुने आणि बनवलेले फिरवले की असल्या खऱ्या फोटोकडंही लोक संशयानं बघायला लागतात.

मीठभाकरी
आणि पैशांचं म्हणाल तर खोट्या फोटोखाली क्यूआर कोड असतो तो कुणाचा असतो ते बघा. आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांचे पाच हजार गेले, चिखलात रुतलेल्या गाईच्या फोटोखाली. गाय कुठली, कोड कुणाचा, आजपर्यंत पत्ता नाही.

ओंजळ
हे मी ह्या अंगानं पाहिलं नव्हतं. कोडचा मुद्दा पटला. पहिल्या मुद्द्यावर अजून विचार करतेय.

दर्यावर्दी
रत्नागिरीहून. व्हॉट्सॲप नव्हतं तेव्हापासून हा धंदा आहे हो. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी, त्यानंतर महिन्याभरात ईमेल आली, समुद्राच्या तळातले विचित्र मासे किनाऱ्यावर येऊन पडलेत म्हणून. सुयांसारखे दात, बाहेर आलेले डोळे. कुणी चेन्नई लिही, कुणी फुकेत. मिरकरवाड्यात ते प्रिंट काढून चिकटवले होते, आठ दिवस लोक मासळी घ्यायला बिचकत होते, घरात चूल कशी पेटायची आमच्या? खूप नंतर कळलं की ते फोटो २००३ च्या नॉरफान्झ मोहिमेतले, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी टास्मान समुद्रात खोल जाळी टाकून काढलेले नमुने. मासे सगळे खरे! फक्त त्यांचा त्सुनामीशी संबंध शून्य.

तसाच तो लांबलचक चंदेरी मासा हातात धरून रांगेत उभे असलेले सैनिक. कुणी नागीण म्हणतं, कुणी भूकंपाची वर्दी. तो ओअरफिश, १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ मिळालेला, धरणारे अमेरिकन नौदलाचे. आणि हा मासा दिसला की भूकंप होतो का ते जपानमधल्या संशोधकांनी जुन्या नोंदी लावून तपासलं, २०१९ ला छापून आलं, काही संबंध सापडला नाही.

ह्यूस्टनकर
वा, ही माहिती नव्हती. ह्याच जातीचं आणखी एक. ३० जुलै २०२५ ला रशियात कामचटकाजवळ ८.८ चा भूकंप झाला, त्सुनामीचे इशारे निघाले, आणि जपानच्या किनाऱ्यावर देवमासे येऊन पडल्याचे व्हिडिओ आले. देवमासे खरे, जागा खरी (चिबातलं तातेयामा), पण ते आदल्या दिवशीच किनाऱ्याला लागले होते. फोटो खरा, गोष्ट खोटी. हा प्रकार पकडायला सगळ्यात अवघड.

अबोलीचा_गजरा
अगदी! मला तर ती लॉकडाऊनमधली आठवण झाली, व्हेनिसच्या कालव्यात डॉल्फिन! ते सार्डिनियाच्या बंदरातले निघाले. रशियात रस्त्यावर सिंह सोडलेत म्हणून आलेला फोटो जोहान्सबर्गचा. आणि खरे काय, तर नवी मुंबईतले फ्लेमिंगो, ते मी खिडकीतून स्वतः बघितले. गुलाबी पसारा नुसता, डोळ्यांचं पारणं फिटलं.

साधा_वाचक
धागा पुराचा आहे, फ्लेमिंगोंसाठी नवीन काढा, मी येईन तिथं 🙂

दर्यावर्दी
एक खरी गोष्ट त्सुनामीचीच सांगतो आणि जातो. केनियाच्या किनाऱ्यावर हिप्पोचं अनाथ पिल्लू सापडलं, मोम्बासाजवळच्या हॅलर पार्कमध्ये ठेवलं, तिथल्या शंभरी उलटलेल्या कासवाच्या पाठीमागं मागं फिरायला लागलं, त्याला टेकून झोपायचं. पिल्लू ओवेन, कासव म्झी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं हे तर नक्की खोटं. खरं होतं.

पिक्सेल
सगळे जुन्या फोटोंबद्दल बोलताय पण आता लढाई बदललीय. एआयनं बनवलेला फोटो आधी कुठंच नसतो, त्यामुळं लेन्स हात वर करतं. २०२५ च्या ऑक्टोबरात जमैकात मेलिसा वादळ आलं तेव्हा हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात शार्क फिरतायत असे व्हिडिओ आले, पूर्ण बनवलेले. बोटं मोजा, पाय मोजा हे सल्ले जुने झाले, आता मॉडेलं पाय बरोबर काढतात. अजून चुकतात ती पाटीवरची देवनागरी अक्षरं, अंगाला पाणी लागतं तिथली रेघ, मिशा, आणि चिखल. पुरातलं जनावर चिखलानं माखलेलं असतं, एआयचा वाघ न्हाऊन आल्यासारखा चकचकीत. गूगलच्या साधनातून बनवलेल्या चित्रांत सिंथआयडीची अदृश्य खूण असते, ती तपासता येते, पण दुसऱ्या साधनातून बनवलं तर ती असेलच असं नाही. एका वर्षात ह्यातल्या अर्ध्या खुणा बाद होतील, हे आत्ताच सांगतो.

वयनाडमाहेर
नवरा मराठी, माहेर वयनाडचं. ३० जुलै २०२४ ला मुंडक्कई-चूरलमला भागात दरड कोसळली. वाचलेल्या एका आजींनी सांगितलं की त्या नातीला घेऊन कशाबशा वर चढल्या तर समोर जंगली हत्ती, आणि ती रात्र त्यांनी हत्तींच्या जवळच काढली, हत्तींनी काही केलं नाही. ऐकून आम्ही सगळे रडलो. दोन दिवसांत आमच्या ग्रुपवर फोटो, पावसात उभा हत्ती, पायाशी आजी आणि नात, छान उजेड, सगळं एकदम रेखीव. माझ्या आईनं एकच विचारलं, हा काढला कुणी? मिट्ट काळोख, मुसळधार पाऊस, जीव मुठीत धरून बसलेल्या दोघी. तिथं कॅमेरा घेऊन उभा राहिलेला तिसरा कोण? ज्यानं फोटो काढला त्यानं त्यांना बाहेर का नाही काढलं?

पिक्सेल
हे माझ्या सगळ्या खुणांपेक्षा भारी आहे. खरंच.

नागेश्वरी
मी सर्पमैत्रीण आहे, कोल्हापूर भागात काम करते. २०१९ च्या पुरानंतर पाणी ओसरलं तसे घराघरांत साप निघत होते, त्यात बहुतेक धामण, दिवड, बिनविषारी. त्याच दिवसांत पाच फण्यांचा नाग पुरात वाहून आला म्हणून फोटो फिरला. एका वाडीत आम्ही पोचेपर्यंत लोकांनी काठ्यांनी तीन धामणी मारून टाकलेल्या. एकीच्या पोटात अंडी होती. मारणारे वाईट लोक नव्हते, घरदार गेलेलं, आठ दिवस झोप नाही, आणि हातातल्या फोनवर पाच फण्यांचा नाग. त्या धामणी पुरानंतर वाढलेले उंदीर खाणार होत्या हो.

जुना_वनपाल
नागेश्वरीताई, तुमच्या कामाला नमस्कार.

कृष्णाकाठची
मंडळी, आभार कसे मानू. दातांच्या खुणेपासून सिंथआयडीपर्यंत सगळं वहीत लिहून घेतलंय, पण मीठभाकरी म्हणतात ते खरं, बोट दारात असताना आत्या काय काय बघणार. म्हणून काल तिच्याकडं गेले तेव्हा फक्त तीन प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर लावले: कुठल्या गल्लीतला? कधीचा? कुणी काढला? खाली १९२६. वयनाडच्या आजींची गोष्ट पण सांगितली, ती ऐकून आत्या बराच वेळ गप्प बसली.

आणि आज सकाळी भिशीच्या ग्रुपवर फोटो आलाय, कर्नाळ रोडच्या ओढ्यात मगर. एक काकू घाबरून सगळ्यांना पुढं पाठवत होत्या. आत्यानं व्हॉइस मेसेज टाकला, तसाच्या तसा लिहिते: "अगं कुणी काढलाय, तू काढलायस का? नसशील तर ज्यानं तुला पाठवला त्याला फोन लाव आणि विचार तू आत्ता तिथं उभा हाईस का म्हणून."

अर्ध्या तासात कळलं की ओळीतल्या चौथ्या माणसानं खरंच काढलेला, शेतावरून, आजच. आत्यानं त्याचा नंबर मागवून घेतला आणि १९२६ वर स्वतः कळवलं. वन विभागाची माणसं दुपारी येऊन गेली म्हणे, मगर लहान होती, ओढ्यातून नदीकडं आपली आपण निघून गेली.

साधा_वाचक
आत्यांचा आयडी काढून द्या इथं. लवकर.